तालुक्यातलं सगळ्यात देखणं जर्नल

प्रयोगशाळा सहायक म्हणजे नक्की काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या आळीतल्या बायकांना सांगायच्या, "आमची सून कॉलेजात बाटल्या धुते." मला राग यायचा. पण संध्याकाळी स्वतःचे हात बघितले की वाटायचं, म्हातारी खोटं काय बोलतेय? सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग आठ-आठ दिवस जात नाहीत. हळदीकुंकवाला गेले की बायका आधी माझ्या बोटांकडे बघायच्या आणि मग वाण द्यायच्या.

कर्जतच्या एका ज्युनियर कॉलेजात मी एकतीस वर्षं हे काम केलं. बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर सर प्रयोग शिकवतात, मुलं प्रयोग करतात आणि तो प्रयोग खरोखर व्हावा म्हणून जी बाई सकाळी सातला येऊन द्रावणं करते, बॅटऱ्या तपासते, गंजलेले स्क्रू घासते आणि कोणी काय फोडलं ते वहीत लिहिते, ती मी. मुलं मला 'लॅबमावशी' म्हणायची. पगारपत्रकावर माझं पद बरंच भारदस्त होतं, पण ते कोणी वाचत नसे.

आमच्या कामात मानाचे दिवस वर्षातून दोन-तीनच. बारावीची बोर्डाची प्रॅक्टिकल सुरू झाली की वर्षभर मला ओळख न दाखवणारी मुलंसुद्धा "मावशी, जेवलात का?" असं विचारायला लागायची. कारण कोणत्या बाटलीत कोणतं सॉल्ट आहे, हे मला माहीत. एकाने तर सांगितलं, "मावशी, तुम्ही काही बोलू नका. कॉपर असेल तर फक्त खोका." नेमका त्या दिवशी मला खरोखर खोकला झाला होता. त्या बॅचमधल्या सगळ्यांनी कॉपर लिहिलं. बाहेरून आलेले परीक्षक मला म्हणाले, "बाई, औषध घ्या."

पालकही एकेक नमुने. एका आईने मला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "माज्या पोरीला ॲसिडला हात लावू देऊ नका हां. तोंडावर उडालं तर लगीन कोण करंल?" मी विचारलं, "घरी वडे कोण तळतं?" म्हणाली, "तीच तळते की." म्हटलं, "मग उकळतं तेल उडालेलं तुमच्या जावयांना चालतं वाटतं." बाई रागावून गेली. दुसऱ्या दिवशी पोर मात्र गालात हसत ॲसिडच्या बाटलीपाशी उभी होती.

असं मी लोकांना फडाफडा बोलायचे. मुलींची मोठी कैवारी म्हणून कॉलेजात माझं नाव होतं. मुलींनी सायन्स घ्यावं म्हणून दहावीच्या निकालानंतर मी शेलूपासून पळसदरीपर्यंत लोकांच्या घरी जाऊन बसलेली आहे. आणि या कैवारी बाईनेच वर्षानुवर्षं काय केलं, ते आता सांगते.

आमच्याकडे सामान कमी, मुलं जास्त. म्हणून चार-चार जणांचा ग्रुप. घंटा झाली की प्रत्येक टेबलावर एकच गोष्ट व्हायची. मुलांचे हात सामानाकडे जायचे आणि मुलीचा हात दप्तराकडे. ती पेन, पट्टी, पेन्सिल काढून टेबलाच्या कोपऱ्यावर बसायची. मुलं तारा जोडायची, काटा बघायची, आकडा ओरडून सांगायची आणि ही तो सुबक अक्षरात लिहून घ्यायची. कोणी नियम केला नव्हता. पण मी रोज हाकारायचे, "मुलांनो, हात चालवा! मुलींनो, लिहून घ्या!" त्याने काम लवकर उरकायचं, फोडाफोड कमी व्हायची आणि जर्नलं छान दिसायची. मोठे सर, म्हणजे आमचे प्राचार्य, माझ्यावर खूश असायचे.

खरं तर मला कळायला हवं होतं. मी स्वतः फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला मीटर ब्रिज नावाचा विजेचा साधा प्रयोग मांडायला सांगितला तर मी खुळ्यासारखी बघत राहिले, कारण कॉलेजात मीही कोपऱ्यावर बसून आकडेच लिहिले होते. इथल्या म्हाताऱ्या शिपायाने मला तार सोलायला शिकवली. ते सगळं मी सोयीस्कर विसरले.

अशात प्रज्ञा आली. कोंडाण्याची पोर. वडिलांची थोडी भातशेती आणि लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर चहा-लिंबूसरबताची टपरी. पोर हुशार, बोलणं कमी, आणि अक्षर म्हणाल तर छापल्यासारखं. आकृत्या अशा काढायची की पुस्तकातली आकृती लाजेल. मी तर हरखूनच गेले. अकरावी झाल्यावर तिचं जर्नल मी काचेच्या कपाटात ठेवलं. तपासणीला साहेब आले की पहिलं तेच दाखवायचं. "तालुक्यात असं जर्नल नाही," असं मी येईल त्याला सांगायचे. प्रज्ञाला पुढे इन्स्ट्रुमेंटेशनला जायचं होतं. कारखान्यात उष्णता, दाब, प्रवाह मोजणारी जी यंत्रं असतात, ती खरं बोलतात की नाही हे बघायचं काम. खोपोलीकडून येताना कंपन्यांचे ते पाइप आणि टाक्या बघून तिने हे मनात घेतलं होतं. मी म्हणायचे, "तू जाणारच गं. एवढं जर्नल आहे तुझं!"

बारावीच्या प्रॅक्टिकलला तिला चिठ्ठीत मीटर ब्रिज आला. एक मीटरची ताणलेली तार, तिच्यावर ठिकठिकाणी टोक टेकवत जायचं आणि काटा शून्यावर कुठे येतो ते बघायचं, एवढाच प्रयोग. टोक एका बाजूला टेकवलं की काटा डावीकडे गेला पाहिजे, दुसऱ्या बाजूला टेकवलं की उजवीकडे. प्रज्ञाचा काटा दोन्हीकडे डावीकडेच जायचा. याचा अर्थ जोडणीत कुठेतरी खोट आहे. तारेचं टोक घासलेलं नाही, नाहीतर स्क्रू सैल आहे. तिच्या जर्नलात 'काळजी' या मथळ्याखाली पहिलीच ओळ होती की तारांची टोकं पॉलिश पेपरने घासून घ्यावीत. ती ओळ तिने दोन वर्षांत किती वेळा लिहिली असेल! पण पॉलिश पेपर हातात कधी धरला नव्हता.

ती सामानाकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं. परीक्षक समोर बसलेले, मी काय बोलणार? शेजारच्या टेबलावर तिच्याच ग्रुपमधल्या ओंकारने एक स्क्रू पिळला, तार घासली आणि प्रयोग संपवून तो पाणी प्यायला गेलासुद्धा. त्याचं जर्नल वर्षभर तिनेच लिहून दिलं होतं. वेळ संपत आली तेव्हा तिने जुन्या जर्नलातले आकडे आठवून लिहिले. परीक्षकांनी जर्नल उघडलं, "वा!" म्हणाले आणि मार्क चांगले दिले. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. तिच्या आणि माझ्या सोडून.

त्यानंतर ती मला टाळायला लागली. एप्रिलात एकदा बाजारात तिचे बाबा भेटले. म्हणाले, "ताई, प्रज्ञा विंजिनेरिंगला नाय म्हणते. बी.ए. करते, तलाठ्याच्या परीक्षेला बसते म्हणते. मी शिकायला आडवा हाय का? माज्या बापानं मला सांगितलं, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलंय, आणि मी आठवीत पळालो. निदान पोरीनं तरी पळू नये, एवढंच माजं म्हणणं. तुमी जरा बोला."

रविवारी मी कोंडाण्याला गेले. ती टपरीवर पेले विसळत होती. मला बघितल्यावर आणखी जोरात विसळायला लागली.

"काय गं, तलाठीण होणार म्हणे? आमच्या सातबाऱ्यावर सही करशील ना?"

"अक्षर चांगलं हाय माजं. त्याचा तेवढा उपेग व्हईल."

"आणि इन्स्ट्रुमेंटेशन?"

"मला नाय जमत, मावशी. तुमी बघितलंत ना. ओंकारला अकरावीला सत्तावन्न टक्के व्हते, त्याला जमलं. मला सगळं पाठ हाय आणि साधी तार जोडता नाय आली. माजे हातच नायत तसले."

येताना मी बरंच भाषण तयार करून आणलं होतं. मुली काय काय करतात, कुठे कुठे पोचल्यात वगैरे. ते सगळं गुंडाळून ठेवलं. टपरीच्या बाकावर बसले आणि म्हटलं, "तुझे हात चांगले आहेत. मी त्यांना दोन वर्षं कामच दिलं नाही. तुला कोपऱ्यावर मी बसवलं. ओंकारला तार मी दिली, तुला पेन मी दिलं, आणि वर तुझं कौतुक करत सुटले. चूक माझी आहे, प्रज्ञा."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या मावशी. तसं काही झालं नाही. पेला आपटून ती म्हणाली, "मंग तवाच का नाय सांगितलंत? तुमाला ठावं व्हतं ना? आनि मी आपली येडी, कपाटात जर्नल ठेवलं म्हणून घरी सांगत व्हते!" आणि रडायला लागली. लेणी बघायला आलेली चार माणसं चहा मागायला आली होती, ती तशीच परत फिरली. आत शेगडीपाशी बसलेले तिचे बाबा उठून बाहेर आले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेवटी तिचे बाबाच म्हणाले, "ताई, झालं ते झालं. तुमी बसवलीत, आता तुमीच उठवा."

निकाल लागून डिप्लोमाचे फॉर्म सुटायला सहा आठवडे होते. बारावीनंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. कॉलेजला सुट्टी लागलेली, लॅबची किल्ली माझ्याकडे. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी आणि प्रज्ञा. पहिल्याच दिवशी मी तिचं पेन काढून घेतलं आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात टाकलं.

"मावशी, रीडिंग कुठं लिहू?"

"डोक्यात."

ती आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. तार सोलताना तारच कापायची, स्क्रू पिळताना त्याचे आटेच घालवायची. दोन टेस्टट्यूब, एक बीकर आणि माझा आवडता थर्मामीटर तिने निकालात काढला. मी दारातूनच विचारायचे, "आज काय फोडलंस?"

"आजून काय नाय."

"मग सकाळपासून केलंस काय?"

आठव्या-नवव्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. तेव्हा कुठे मला चहा गोड लागला.

मग मी मुद्दाम खोड्या काढायला लागले. ती यायच्या आधी एखादा स्क्रू सैल करून ठेवायचे, मेलेली बॅटरी लावायचे. तिने शोधायचं. सुरुवातीला ती सगळंच उपसून पुन्हा जोडायची. हळूहळू तिची बोटं शहाणी झाली. काटा कसा हलतो त्यावरून दुखणं कुठे आहे, ते ती सांगायला लागली. एकदा मी वरचं सुती वेष्टण शाबूत ठेवून आतल्या आत तुटलेली तार लावली. दिसायला ठणठणीत. या तारेने तिला तीन दिवस छळलं. तिसऱ्या दिवशी एकेक तार हाताने वाकवून बघता बघता तिने ती पकडली आणि असली किंकाळी फोडली, "मावशी! सापडली मेली!"

किंकाळी ऐकून मोठे सर धावत आले. ते सुट्टीत ऑफिसात येतात, हे मी विसरलेच होते. टेबलभर तारा, उघडलेला काट्याचा गॅल्व्हनोमीटर आणि आम्ही दोघी कोपरापर्यंत काळ्या.

"बाई, हे कोणाच्या परवानगीने चाललंय?"

"तुमच्याच, सर. घ्यायची तेवढी राहिली होती."

सरांनी चष्मा वर केला. "ही ती जर्नलवाली ना?" प्रज्ञाचा चेहरा पडलेला बघून मीच म्हटलं, "सर, आता ती दुरुस्तीवाली आहे." सर म्हणाले, "मग माझ्या केबिनची बेल बघा. आठ महिने वाजत नाही." प्रज्ञाने अर्ध्या तासात बेल वाजती केली. भिंतीमागे उंदराने तार खाल्ली होती. आमचा ऑफिसातला शिपाई त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आठ महिने बिचारा सुखात होता.

फॉर्म भरायला मी बरोबर गेले. तिथला माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, "कॉम्प्युटर टाका पहिलं. एसीत बसायचं काम, मुलींना बरं पडतं." मी तोंड उघडणार एवढ्यात प्रज्ञाने माझा पदर ओढला आणि स्वतःच सांगितलं, "मला टाकीवर चढायचंय, दादा. इन्स्ट्रुमेंटेशनच टाका." माणसाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

जून उजाडल्यावर लॅबमध्ये मी नवा कायदा केला. जर्नल मुलग्यांनी लिहायचं, तारा मुलींनी जोडायच्या, आणि दर महिन्याला आलटापालट. काय गोंधळ झाला म्हणून सांगू! ओंकारच्या पाठचा भाऊ अकरावीत होता. त्याची आई तक्रार घेऊन आली, "माज्या पोराचं अक्षर खराब, त्याचे मार्क जातील." म्हटलं, "त्यालाही सुधारायला संधी नको का?" त्या वर्षीची जर्नलं इतकी गचाळ झाली की परीक्षक विचारायला लागले, यंदा काही साथ होती का. दोन वर्षांनी मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मोठ्या सरांनी माझ्या 'शिस्तबद्ध जर्नलां'चं कौतुक केलं. मी खाली बघत राहिले. माझ्या हाताखालून किती पोरी त्या कोपऱ्यावर बसून गेल्या, किती जणींनी 'माझे हात तसले नाहीत' असं मनाशी धरून पुढचं सगळं सोडून दिलं असेल, हे मी मोजू शकत नाही. प्रज्ञा निदान माझ्यावर ओरडली. बाकीच्या ओरडल्यासुद्धा नाहीत.

प्रज्ञाचा डिप्लोमा यंदा पूर्ण झाला. खालापूरकडच्या एका कारखान्यात ती शिकाऊ म्हणून लागली. तिच्याबरोबर आणखी तीन मुलगे. पहिल्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. आवाज एकदम दबका.

"मावशी, पोरांना सायबांनी प्लँटमध्ये पाठवलं. मला कंट्रोल रूममध्ये बसवलंय. रीडिंगचं रजिस्टर दिलंय. म्हणाले, तू लिही, मुलींचं अक्षर चांगलं असतं."

मी पायरीवर बसलेच. एवढं करून पोर पुन्हा त्याच कोपऱ्यात! त्या साहेबाला काही बोलावं तर कुठल्या तोंडाने? त्याचं वाक्य माझंच होतं. "मग?" एवढंच विचारलं.

"मग काय, लिवलं. तीन दिवस लिवलं."

"अगं प्रज्ञा!"

"डाव्या हातानं लिवलं, मावशी."

"डाव्या हातानं?"

"सायबांनी आज रजिस्टर बघितलं. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. म्हणाले, हे तीन हाय का आठ? मी म्हटलं, सर, मलापण आता वाचता येत नाय. म्हणाले, असल्या अक्षरावर तू डिप्लोमा कसा झालीस? मी म्हटलं, प्रॅक्टिकलवर झाले, सर."

"आणि?"

"उद्यापासून टाकीवर हाय मी! रजिस्टर एका पोराला दिलंय. रडकुंडीला आलाय बिचारा."

ती हसत होती. मीही हसायला लागले आणि हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही. देवाने दिलेलं ते मोत्यासारखं अक्षर, आणि पोरीला साधं काम हातात मिळावं म्हणून ते लपवावं लागलं, याचं वाईट वाटत होतं. आणि आनंद तर इतका झाला होता की पायरीवरून उठवेना.

हे आतून धावत आले. "काय गं, काय झालं? कोणाचा फोन?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "अहो, आमच्या प्रज्ञाचं अक्षर इतकं घाण आहे की साहेबांनी तिला बाहेर काढलं!"